रानतळ्यातील मासे आणि आमचे दप्तर



राजेगावात येऊन बोलायचे आणि वाघ नदीचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. या नदीच्या एका काठावर बालाघाट आणि दुसऱ्या काठावर गोंदिया. म्हणजे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मध्यप्रांताचा जुना संसार विभक्त करताना जी रेघ ओढली, तिचा एक तुकडा या पाण्यावरून गेलेला आहे. या पाण्याचा हिशेब मात्र विभक्त झालेला नाही. केंद्रीय जल आयोगाचे मापनकेंद्र येथे राजेगावात आहे, नदी किती चढली, किती उतरली, किती पाणी वैनगंगेकडे वाहून गेले याची नोंद तेथे होते, आणि ती दिल्लीपर्यंत पोचते. त्याच पाण्यात यंदा मासा वाढला की घटला असे जर कोणी विचारले, तर कलेक्टर कचेरीपासून पटवाऱ्याच्या बस्त्यापर्यंत एकाही दप्तरात त्याचे उत्तर सापडणार नाही. हा विषय नदीपेक्षाही तिच्या दोन्ही बाजूंच्या रानातील लहान तळ्यांना अधिक लागू आहे, आणि आजचे माझे बोलणे त्या तळ्यांपुरतेच आहे.

ही तळी ईश्वरनिर्मित नाहीत, हे येथील श्रोत्यांना सांगण्याचे कारण नाही. गोंड राजांच्या अमदानीत तलाव बांधील त्याला त्याच्या ओलिताची जमीन, असा संकेत होता. त्या संकेताच्या बळावर कोहळी समाजाने आणि मागाहून इतर मालगुजारांनी टेकड्यांच्या कुशीत पाळी घालून जे जलाशय निर्माण केले, त्यांची संख्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून आजही सहा हजारांहून अधिक भरते. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधविला, आणि ज्या सात टेकड्यांच्या मधून त्याने पाणी अडविले त्यांना लोक अजून सात बहिणी म्हणतात. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला यांचे मुलूख तोडून बनविण्यात आला. तेव्हा नदीच्या अलीकडची तळी आणि पलीकडची तळी ही एकाच घराण्याची होत, मग त्यांचे सातबारे आणि खसरे कोणत्याही राजधानीत असोत. नवेगावबांधसारख्या मोठ्या तलावांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. जंगलाच्या कडेला असलेली, चार-सहा हेक्टरांची, नावही नसलेली किंवा नुसत्या झाडाच्या नावाने ओळखली जाणारी जी तळी आहेत, ती मात्र आपल्या लेखनात आणि आपल्या कायद्यात सारखीच उपेक्षित राहिली.

अशा तळ्याची रचना पाहावी. तीन अंगांना उंचवटा किंवा मातीची पाळ. पाळीत तुडूम, म्हणजे धानाला पाणी सोडण्याचे दार. एका टोकाला सांडवा, ज्यावरून पावसाळ्यातील जादा पाणी नाल्यात व नाल्यातून नदीत जाते. आणि चौथे अंग उघडे, रानाच्या बाजूचे, जेथून पाणी येते. या चौथ्या अंगाला पाळ नाही, निश्चित काठ नाही. आश्विनात जेथे गुडघाभर पाणी असते तेथे माघात चिखल आणि वैशाखात गुरे चरतात. महसूल खात्याच्या दृष्टीने ही तळ्याची सर्वांत निरुपयोगी जागा होय. ती धड पाण्यात नाही, धड जमिनीत नाही, आणि म्हणून तिच्यावर अतिक्रमण सर्वांत आधी होते. माशांच्या दृष्टीने तळ्याची सारी दौलत तेथेच आहे. उथळ, उन्हाने कोमट झालेले पाणी, त्यात देवधानाच्या म्हणजे रानधानाच्या काड्या, कमळाची पाने, शिंगाड्याचे वेल, बुडालेले गवत: अंडी चिकटायला, पिले दडायला आणि त्या पिलांना लागणारे सूक्ष्म अन्न उपजायला याहून उत्तम स्थान नाही.

आता माशांकडे वळू. तळ्यातील माशांचे शास्त्रज्ञ अनेक वर्ग करतील. माझ्या विवेचनाला दोन पुरे आहेत. एक, जो पेरावा लागतो. दुसरा, जो आपण होऊन येतो व राहतो. पहिल्या वर्गात रोहू, कतला आणि मृगळ हे तीन थोर मासे. यांची मादी अंडी देण्यात कंजूष नाही. रोहूच्या मादीत वजनाच्या दर किलोमागे लाख-दोन लाख अंडी असतात. परंतु साचलेल्या पाण्यात ती अंडी घालत नाही. तिला पुराचे वाहते पाणी, पसरलेले पात्र, नव्या पाण्याचा गारवा हवा असतो. त्यामुळे तळ्यात सोडलेली रोहू वाढते, लठ्ठ होते, आणि तिची पिढी तिच्याबरोबर संपते. पूर्वी यांचे बीज बंगालकडच्या नद्यांतून पुराच्या दिवसांत धरून, हांड्यांत भरून, रेल्वेने दूरदूर पाठवीत. १९५७ साली ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी व के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मस्तकातील पीयूषग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली, आणि तेव्हापासून जिरे, मत्स्यबीज व बोटुकली या तीन अवस्थांचा बाजार देशभर सुरू झाला. १० जुलै हा त्या प्रयोगाचा दिवस मत्स्यशेतकऱ्यांचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो. या शोधाची थोरवी मी कमी लेखत नाही. कोट्यवधी लोकांच्या ताटात त्याने मासा पोचविला आहे. मात्र त्या शोधाबरोबर दप्तराला एक सवय लागली: तळ्यात किती बोटुकली सोडली, हाच तळ्यातील माशांचा हिशेब समजण्याची. जे पेरले तेवढेच पीक, असे मानणाऱ्या दप्तराला दुसरा वर्ग दिसेनासा झाला.

तो दुसरा वर्ग म्हणजे मरळ, मागूर, शिंगी, वांब, आणि ज्यांना बाजारात नावही न विचारता वाट्याने विकतात असे लहान खवल्यांचे मासे व झिंगे. यांतील मरळीचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. पावसाच्या आरंभी नर-मादी उथळ पाण्यातील वनस्पती बाजूला सारून एक मोकळी जागा करतात. अंडी तेथे पाण्याच्या पृष्ठावर तरंगतात आणि जोडपे खाली पहारा करते. पिले बाहेर पडल्यावर ती तांबूस-नारिंगी ठिपक्यांचा एक दाट पुंजका करून हिंडतात; पुंजका वर येतो, सगळी मिळून हवा घेतात, पाणी क्षणभर उकळल्यासारखे दिसते आणि पुंजका खाली जातो. त्याच्याखाली आई-बाप असतातच. गळ टाकणाऱ्याला याहून सोपी शिकार नाही, कारण पिलांच्या पुंजक्यात जे काही पडेल त्यावर ती मरळ चवताळून तुटून पडते. ती उचलली की तासाभरात इतर मासे त्या पुंजक्याचा फडशा पाडतात. म्हणजे त्या दिवशी एक मरळ पकडली असे आपण म्हणतो, आणि वास्तविक पुढच्या सालचा साराच हंगाम काढून नेलेला असतो. जुने ढीमर मासेमार आषाढातील पुंजकेवाल्या मरळीला हात लावू नये असे सांगतात, ते भूतदयेने नव्हे.

मरळ, मागूर व शिंगी यांना हवेतून श्वास घेता येतो. ज्येष्ठात तळे खड्ड्यापुरते उरले, पाणी गढूळ व प्राणवायुहीन झाले, की रोहू पांढरे पोट वर करते आणि हे मासे चिखलात दम धरून बसतात. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडतो, सांडवा वाहू लागतो, आणि नाल्यातून वर मासे चढू लागतात. ही चढण ज्यांनी रात्री कंदिलाच्या उजेडात पाहिली असेल त्यांना वर्णनाची गरज नाही: बोटभर पाण्यात, प्रवाहाच्या विरुद्ध, दगडांवरून अंग घासत, अंड्यांनी जड झालेले मासे सांडव्याच्या पायऱ्या ओलांडून वर येतात, काही तळ्यात शिरतात, काही धानाच्या बांधीत. याच रात्री सांडव्यावर आडवे बांबूचे सापळे लागतात. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने १८७३ साली हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवर जो अहवाल दिला, त्यासाठी मुलुखोमुलुखीच्या तहसीलदारांकडून उत्तरे मागविली होती. लहान पिले आणि चढणारे मासे धानशेतांतून व ओहोळांतून सापळ्यांनी धरले जातात, ही तक्रार त्यात ठिकठिकाणी आहे. त्या प्रयत्नांतून पुढे १८९७ चा मत्स्यकायदा आला आणि त्याने सुरुंग व विष यांना बंदी केली. सापळ्यांचे नियम प्रांतिक सरकारांवर सोपविले गेले, ते तेथेच राहिले.

तळ्यात मासे किती, हे मोजावे कसे? प्रश्न दिसतो तितका असाध्य नाही. डेन्मार्कच्या पीटरसन याने गेल्या शतकाच्या अखेरीस—म्हणजे एकोणिसाव्या, मी अजून जुन्याच शतकात वावरतो—एक युक्ती रूढ केली. शंभर मासे धरून त्यांना खूण करावी आणि सोडून द्यावे. काही दिवसांनी पुन्हा शंभर धरावे. त्यांत दहा खुणेचे निघाले तर तळ्यात सुमारे एक हजार मासे आहेत असे त्रैराशिकाने येते. ही रीत बंद पाण्याला चोख लागू पडते. कॅनडातील ओंटॅरिओ प्रांताच्या अरण्यात ओपिआँगो नावाचे सरोवर आहे; तेथील हार्कनेस प्रयोगशाळेने १९३६ पासून गळ टाकून परतणाऱ्या प्रत्येक होडीला थांबवून, किती तास बसलात, काय मिळाले, केवढे मिळाले, हे विचारण्याचा परिपाठ ठेवला आहे. तेथील सरोवर-ट्राउट हा थंड, खोल पाण्याचा मासा. वयात यायला त्याला सहा-सात वर्षे किंवा अधिकही लागतात आणि तो वीस वर्षांहून जास्त जगू शकतो. अशा ठिकाणी चार उन्हाळे हावरेपणाने मासेमारी झाली तर तळे सावरायला एक पिढी जाते, आणि म्हणून प्रत्येक माशाचा हिशेब ठेवणे तेथे शहाणपणाचे आहे.

आपल्याकडील तळ्याचे गणित याहून वेगळे आहे, आणि उत्तरेकडचे ग्रंथ वाचून आपण येथे नियम करू लागलो तर फसगत होईल. उष्ण पाण्यातील लहान मासा वर्षभरात वयात येतो. माघापासून ज्येष्ठापर्यंत कितीही जाळी फिरली तरी, खड्ड्यात थोडे जनक उरले आणि आषाढात दार उघडे राहिले, तर कार्तिकात तळे पुन्हा भरते. उलट वर्षभर कोणी जाळे टाकले नाही, पण चढणीच्या त्या आठ-पंधरा रात्री सांडवा सापळ्यांनी बंद राहिला, चौथ्या अंगाचा काठ नांगरला गेला, किंवा वनस्पतीच नाहीशी झाली, तर तळे रिकामे होते. पीटरसनची युक्तीही येथे जुलैत निरुपयोगी ठरते, कारण खुणेचे मासे खाली नाल्यात उतरलेले असतात आणि बिनखुणेचे वर चढलेले. येथे मोजायचे असेल तर ढीमराचे माप घ्यावे: अमुक जागी, अमुक महिन्यात, एका फेकीमागे जाळ्यात काय आले. शास्त्रज्ञ यालाच श्रमामागची पकड म्हणतात आणि तक्ते काढतात; ढीमराचा तक्ता त्याच्या खांद्याला ठाऊक असतो.

ढीमर, नदीपलीकडे ढीवर, यांचे या तळ्यांशी असलेले नाते मासेमारीपुरते नव्हते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात पाणी भरणे, पालखी वाहणे, शिंगाडा लावणे, कोशाचे किडे पाळणे असे त्यांचे अनेक व्यवसाय नोंदलेले आहेत. शिंगाडा लावणाऱ्याला तळ्यातील वनस्पती राखावी लागे. पुढे शिंगाड्याचा पट्टा एकाकडे, माशांचा दुसऱ्याकडे, पाण्याचा अधिकार तिसऱ्याकडे अशी विभागणी होत गेली आणि वनस्पती कोणाच्याच जबाबदारीत उरली नाही. त्यात १९५७ साली सायप्रिनस आणि १९५९ साली गवत्या मासा व चंदेरी मासा परदेशातून आले. पहिला तळ ढवळून पाणी गढूळ करतो आणि मुळे उपटतो. दुसरा पाणवनस्पती खाऊन फस्त करतो. शेतातील बंदिस्त तळ्यात त्यांना जागा असेलही. रानतळ्यात त्यांना सोडणे म्हणजे देशी माशाच्या पाळण्याची दोरी कापणे होय. उरलेल्या काठावर बेशरम या उपद्रवी झुडपाने मुक्काम ठोकला आहे.

या बाबतीत नदीपलीकडे एक प्रयत्न झाला आहे, तो ऐकण्यासारखा आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी-मोरगाव भागात ढीवरांच्या मत्स्य सहकारी संस्थांना बरोबर घेऊन काही तलावांतील बेशरम उपटली, पावसाळ्याआधी काठ तयार करून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि देशी माशांची नोंद ठेवली. या कामात ढीवर स्त्रिया पुढे होत्या. त्या तलावांत देशी मासा परतला. यात कोणतेही गूढ तंत्र नव्हते. जे अंग उजाड झाले होते ते पुन्हा हिरवे केले, एवढेच.

आता कायद्याकडे येतो. येथे थोडा वेळ घेतो, कारण माझा खरा आक्षेप येथे आहे. मालगुजारीच्या काळी गावाच्या वाजिब-उल-अर्जात रीतिरिवाज लिहिले जात. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली आणि तळी सरकारजमा झाली. पुढे १९५९ च्या मध्यप्रदेश भू-राजस्व संहितेत कलम २४२ ने वाजिब-उल-अर्ज कायम ठेवला, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने कलम १६५ मध्ये विदर्भासाठी जवळजवळ त्याच शब्दांत तो ठेवला. दोहोंत ओलिताच्या, वाटेच्या आणि मासेमारीच्या रिवाजाची नोंद करावी असे स्पष्ट म्हटले आहे. वाचून आनंद होतो. पण पुढे अट आहे: जी जमीन किंवा जे पाणी सरकारचे अथवा स्थानिक संस्थेचे नाही, तेवढ्यापुरतीच ही नोंद. गावातले तळे तर सगळे सरकारचे किंवा पंचायतीचे! रकाना ठेवला, आणि त्यात भरण्याजोगे पाणी त्याच हुकमाने काढून घेतले. निस्तारपत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या नोंदीत, गुरांचे पाणी, सरपण, माती यांची सोय झाली. माशाची रीत, म्हणजे कोणत्या महिन्यात धरू नये, कोठे आडवे सापळे लावू नयेत, ही कोणत्याच कागदावर उतरली नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात मानसोल्लासात माशांच्या जाती, आमिषे आणि गळाच्या दोऱ्या यांवर सविस्तर प्रकरण लिहिले. राजाला विनोदासाठी जे नोंदवावेसे वाटले ते आपल्या सरकारांना उपजीविकेसाठी नोंदवावेसे वाटले नाही. सरकारांनी राज्यमासे मात्र जाहीर केले: इकडे मध्यप्रदेशात महाशीर, तिकडे महाराष्ट्रात २०२३ साली चंदेरी पापलेट. एक खळाळत्या नदीचा, दुसरा समुद्राचा. तळ्यातल्या मरळीला दोन्ही राजधान्यांत वशिला नाही.

बंद हंगामाचीही तीच गत आहे. मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीला मनाई असते, आणि ती योग्यच आहे. परंतु ज्यांचा नदीशी संबंध नाही अशा लहान तळ्यांना त्यातून सूट आहे. हा संबंध कोणी ठरवायचा? फाल्गुनात येऊन पाहणाऱ्या अधिकाऱ्याला तळे चोहोबाजूंनी बंदच दिसणार. सांडवा कोरडा, नाला कोरडा. नदीशी संबंध नाही असा शेरा मारणे सोपे. तोच अधिकारी आषाढात आला तर सांडव्यावरून नाल्यात आणि नाल्यातून वाघ नदीत गेलेली पाण्याची अखंड धार त्याला दिसेल. संबंध आहे, तो वर्षातून दोन महिने असतो, आणि नेमके तेच दोन महिने मनाईचे आहेत. तेव्हा ज्या तळ्याला नाल्याकडे वाहणारा सांडवा आहे ते सुटीत बसत नाही, असा माझा स्वच्छ अभिप्राय आहे.

येथील पंचायतींना मला एवढीच विनंती करायची आहे. दहा हेक्टरपर्यंतची तळी तुमच्या ताब्यात आहेत, आणि त्यांचे मासेमारीचे पट्टे तुमच्याच ठरावाने दिले जातात. पट्टा पुढच्या वेळी नव्याने द्याल तेव्हा रकमेबरोबर शर्तीही वाचा. उन्हाळ्यात तळाचा डोह पंप लावून उपसू नये, चौथे अंग नांगरू नये, गवत्या मासा व सायप्रिनस सोडू नयेत, आणि संस्थेच्या वहीत पेरलेल्या बोटुकलीच्या शेजारी न पेरलेल्या माशाचा एक रकाना असावा, हे त्यात येऊ द्या. ठराव हिंदीत करा, मराठीत करा, पोवारीत बोलून नंतर लिहून काढा. पण १६ जून ते १५ ऑगस्ट सांडव्यावर आडवे सापळे लागणार नाहीत, हे वाक्य त्यात ढीमरांच्या सहीनिशी असू द्या.